विज्ञानाची परीक्षा : पर्यायाची खूण आणि उत्तराचा परिच्छेद

शालेय विज्ञानाच्या परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न असावेत की मुक्तोत्तरी, या वादात दोन्ही पक्षांची मते बहुधा आधीच ठरलेली असतात. एका पक्षाच्या मते पर्यायावर खूण करणे म्हणजे विचारशक्तीला रजा देणे होय. दुसऱ्याच्या मते परिच्छेद लिहवून घेणे म्हणजे परीक्षकाच्या लहरीवर विद्यार्थ्याचे भवितव्य सोपविणे होय. दोन्ही पक्ष प्रश्नाच्या बाह्य रूपाविषयी बोलतात. त्या रूपाच्या आत विद्यार्थ्याकडून कोणते मानसिक कार्य घडवून घेतले जाते, याची चौकशी क्वचितच होते. प्रस्तुत लेखात ती चौकशी एका विशिष्ट भूप्रदेशाच्या संदर्भात करावयाची आहे. तो प्रदेश म्हणजे रायगड जिल्ह्याचा अंतर्भाग, महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके. येथील शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हा वाद केवळ तात्त्विक नाही, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

१

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आठवीतील जो विद्यार्थी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकतो आणि ज्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्याला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसता येते. केंद्र शासनाची ही योजना २००८ सालची आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. घाटाखालच्या वाडीतून मुलगी हायस्कुलात राहील की नाही, हे अशा रकमेवर अवलंबून असू शकते. या परीक्षेत बौद्धिक क्षमता व शालेय क्षमता अशा प्रत्येकी ९० प्रश्नांच्या दोन चाचण्या असतात. शालेय क्षमतेच्या ९० पैकी ३५ प्रश्न विज्ञानाचे. सर्व प्रश्न चार पर्यायांचे, आणि चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत.

तीच मुलगी दहावीत जाते तेव्हा परीक्षेचे रूप पालटते. राज्य मंडळाच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विषयाचे २०१९ पासून ४०-४० गुणांचे दोन भाग आहेत. प्रत्येक भागात बहुपर्यायी प्रश्नांना ५ गुण, एका वाक्यात वा शब्दात उत्तरे द्यावयाच्या प्रश्नांना ५ गुण आणि उरलेले ३० गुण लिहून द्यावयाच्या उत्तरांना, असा आराखडा ठरला. पुढे बारावीनंतर वैद्यकीय वा अभियांत्रिकी शिक्षणाच्या दारात पुन्हा पर्यायांचीच परीक्षा. म्हणजे आठवीत खूण, दहावीत परिच्छेद, बारावीनंतर पुन्हा खूण. या तीन टप्प्यांत विज्ञान बदलत नाही. विज्ञान येते म्हणजे काय येते, याची व्याख्या मात्र तीनदा बदलते, आणि ती बदलल्याचे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

२

या दोन रूपांचा इतिहासही विसरून चालणार नाही. १९१२-१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली. भूमितीसारख्या विषयातही एकाच उत्तरपत्रिकेस शंभरपैकी तिसाहून कमी गुण देणारे शिक्षक निघाले आणि नव्वदांच्या आसपास गुण देणारेही निघाले. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यानंतर लवकरच, १९१४-१५ च्या सुमारास, फ्रेडरिक केली यांनी कॅन्सस येथे मूकवाचनाची पर्यायी उत्तरांची चाचणी रचली. बहुपर्यायी प्रश्नाचा जन्म आळसातून झाला नाही. परीक्षकाच्या मर्जीतून विद्यार्थ्याला सोडविण्याची इच्छा त्यामागे होती. आपल्याकडे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने निबंधवजा परीक्षेतील आत्मनिष्ठता कमी करण्यासाठी वस्तुनिष्ठ चाचण्यांची शिफारस केली. १९५८ साली बेंजामिन ब्लूम यांच्या मार्गदर्शनाखाली माध्यमिक शिक्षणातील मूल्यमापनावर कार्यशाळा झाल्या, आणि १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालानेही परीक्षासुधारणेचा पुरस्कार केला. उद्दिष्टानुसार प्रश्नरचना हा शब्दप्रयोग आपल्या प्रशिक्षण महाविद्यालयांत रूढ झाला तो या काळात.

या परंपरेने विश्वसनीयतेचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला. पस्तीस प्रश्नांची चाचणी पाच परिच्छेदांपेक्षा अभ्यासक्रमाचा अधिक विस्तृत भाग व्यापते. कोणीही तपासली तरी गुण तेच येतात. हे लाभ खरे आहेत. परंतु विश्वसनीयता म्हणजे सप्रमाणता नव्हे. एखादा तराजू दर वेळी तेच वजन दाखवीत असेल. ते वजन धान्याचे की पोत्याचे, हा प्रश्न वेगळा राहतो.

३

आता अंदाजाचा हिशेब करू. विज्ञानाचे ३५ प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. एका विद्यार्थ्याला त्यांपैकी केवळ ७ प्रश्नांची उत्तरे खरोखर येतात, असे धरू. उरलेल्या २८ प्रश्नांवर तो डोळे मिटून खुणा करतो. सरासरीने त्यातील सात बरोबर येतील. एकूण गुण १४, म्हणजे ३५ पैकी ४० टक्के. या शिष्यवृत्तीच्या पात्रतेसाठी सर्वसाधारण विद्यार्थ्यास दोन्ही चाचण्यांत मिळून हवे असतात तेही ४० टक्केच. पात्रता म्हणजे निवड नव्हे, निवड गुणानुक्रमाने होते, हे खरे. तथापि ४० टक्के हा आकडा पालकांना आणि मुख्याध्यापकांना जे सांगतो असे वाटते, ते तो सांगत नाही. एक पंचमांश ज्ञान आणि सामान्य नशीब यांची ती बेरीज असू शकते.

यावर जुना उपाय असा की, चुकीच्या उत्तरांच्या एक तृतीयांश इतके गुण बरोबर उत्तरांतून वजा करावेत. वरील उदाहरणात २१ चुकांचे ७ गुण गेले की ७ उरतात, म्हणजे मूळ ज्ञान परत हाती येते. परंतु हे सरासरीचे गणित आहे. २८ अंदाजांत सातऐवजी पाच किंवा नऊ उत्तरे जुळणे अगदी साहजिक आहे. त्याचे प्रमाण विचलन सुमारे सव्वादोन गुणांचे येते. गुणानुक्रमाच्या यादीत एकेका गुणाने नाव वर-खाली होते, तेथे हे दोन गुण एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने लहान नाहीत. शिवाय गुणवजावटीची भीती प्रत्येकाला सारखी वाटत नाही. ज्याला आपल्या ज्ञानाविषयी संकोच आहे, तो अर्धवट आठवणारे उत्तरही कोरे सोडतो. धीट विद्यार्थी दोन पर्याय खोडून उरलेल्यांत जुगार खेळतो आणि सरासरीने त्यात लाभतो. परीक्षा येथे विज्ञानाबरोबर धिटाईही मोजते.

४

एवढ्यावरून मुक्तोत्तरी प्रश्नाची बाजू सिद्ध झाली असे मात्र मानू नये. महाराष्ट्रातील विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेचा सर्वांत परिचित मुक्तोत्तरी प्रकार म्हणजे ‘शास्त्रीय कारणे लिहा’. नावाप्रमाणे पाहता याहून वैज्ञानिक प्रश्न दुसरा नाही, कारण येथे कार्यकारणभाव विचारला जातो. प्रत्यक्षात काय घडते? ‘पावसाळ्यात ओले कपडे लवकर वाळत नाहीत’ हे विधान घेऊ. त्याचे कारण मार्गदर्शक पुस्तकात तीन क्रमांकित वाक्यांत छापलेले असते: पावसाळ्यात हवेतील आर्द्रता अधिक असते, त्यामुळे बाष्पीभवनाचा वेग मंदावतो, म्हणून कपडे लवकर वाळत नाहीत. विद्यार्थी ही तीन वाक्ये पाठ करतो. परीक्षकाजवळच्या नमुना उत्तरातही तीच तीन वाक्ये असतात. एक पाठांतर दुसऱ्या पाठांतराशी ताडून पाहिले जाते आणि दोन गुण पडतात. या प्रश्नाचे रूप मुक्त असले तरी त्याचे उत्तर पूर्णतः बंदिस्त आहे. त्याला एकच पर्याय असलेला बहुपर्यायी प्रश्न म्हणता येईल.

आता कल्पनेने पोलादपूरच्या एखाद्या वाडीतील मुलाचे उत्तर घेऊ. तो लिहितो, ‘आषाढात हवाच पाण्याने भरलेली असते, मग कपड्यातलं पाणी जाणार कुठं? चुलीवरच्या माळ्यावर टाकले तर वाळतात.’ भौतिकीच्या दृष्टीने हे उत्तर पाठ केलेल्या तीन वाक्यांहून सरस आहे. त्यात संपृक्ततेची कल्पना आहे, आणि तापमान वाढले की हवेची बाष्प सामावून घेण्याची क्षमता वाढते, याचा अनुभवसिद्ध दाखलाही आहे. दहावीच्या ‘उष्णता’ या पाठात आर्द्रता व दवबिंदू यांचा जो विचार येतो, त्याचे हे सारच होय. परंतु ‘आर्द्रता’ आणि ‘बाष्पीभवन’ हे दोन शब्द त्यात नाहीत. घाईत तपासणारा परीक्षक ते शब्दच शोधत असेल, तर या उत्तराला अर्धा गुण मिळणेही कठीण. येथे मुक्तोत्तरी प्रश्न विज्ञान मोजत नसून प्रमाण मराठीतील परिभाषेवरचे प्रभुत्व मोजतो.

महाड-पोलादपूर परिसरात ही गोष्ट उपेक्षणीय नाही. डोंगरउतारावरील धनगरवाड्यांतून आणि कातकरी वस्त्यांतून येणाऱ्या मुलांची घरची बोली पुस्तकी मराठीपासून दूर आहे. त्यांना परिच्छेदापेक्षा खूण अधिक न्याय देण्याचा संभव आहे, कारण खुणेला बोली नसते. मुक्तोत्तरी प्रश्नाचे कैवारी हा मुद्दा सहसा विचारात घेत नाहीत. उलटपक्षी पर्यायही भाषेतच लिहिलेले असतात. ‘खालीलपैकी कोणते विधान असत्य नाही?’ अशी दुहेरी नकाराची वाक्ये रचून प्रश्नकर्ता जेव्हा काठिण्य आणू पाहतो, तेव्हा हाही लाभ नाहीसा होतो.

५

बहुपर्यायी प्रश्न विचार करावयास लावू शकत नाही, हा समजही परीक्षणात टिकत नाही. एक प्रश्न रचून पाहू. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर चढले की महाबळेश्वर लागते. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर आहे. दोन्ही ठिकाणी सारख्या उघड्या पातेल्यांत सारखेच तांदूळ शिजत ठेवले, आणि पाणी खळखळ उकळू लागल्यापासून वेळ मोजला. महाबळेश्वरी भात शिजावयास अधिक वेळ लागतो. का? (अ) थंड हवेमुळे तेथे पाणी उकळण्यास उशीर लागतो. (आ) तेथील उकळत्या पाण्याचे तापमान कमी असते. (इ) उंचीवर पाण्याचा उत्कलनांक वाढतो. (ई) तेथील पाण्यात क्षार कमी असतात.

योग्य उत्तर (आ) आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी सुमारे ९५ ते ९६ अंश सेल्सिअसलाच उकळते. परंतु या प्रश्नाचे मोल चुकीच्या पर्यायांत आहे. (अ) निवडणाऱ्याने रोजच्या अनुभवावर भिस्त ठेवली, पण ‘उकळू लागल्यापासून’ या अटीकडे दुर्लक्ष केले. (इ) निवडणाऱ्याने उंची, दाब आणि उत्कलनांक यांचा संबंध पाठ केला आणि आठवताना तो उलटा केला. (ई) निवडणाऱ्याला क्षारांचा काही परिणाम होतो इतके ऐकून माहीत आहे. तीन चुका, तीन वेगळे रोग. आणि शिक्षकाला प्रत्येकावर वेगळा उपचार करता येईल. १९९२ साली हेस्टिनिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनेवर जी बहुपर्यायी चाचणी सिद्ध केली, तिचे सामर्थ्य नेमके यातच होते: तिचे चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्या गैरसमजांतून उचललेले होते. आपल्याकडील सराव-प्रश्नसंचांत मात्र चुकीचे पर्याय जागा भरण्यासाठी घातलेले असतात. ते खोडून काढावयास विज्ञान लागत नाही.

तथापि या प्रश्नालाही मर्यादा आहे. ज्याने (आ) निवडले त्याला दाबाचे कारण ठाऊक आहे की केवळ ‘डोंगरावर कमी’ एवढेच स्मरते, हे खूण सांगत नाही. १९८८ साली डेव्हिड ट्रेगस्ट यांनी यासाठी दुहेरी प्रश्नाची रीत पुढे मांडली: आधी उत्तर निवडावयाचे, मग त्याचे कारण. कारणाच्या जागी एक-दोन कोऱ्या ओळी ठेवल्या, तरी कार्य साधते. ‘दोन्ही ठिकाणी प्रेशर कुकर वापरला तर फरक किती उरेल? का?’ एवढाच उपप्रश्न जोडला, की पाठांतर आणि आकलन यांच्यातील रेषा स्पष्ट होते.

६

काही विषय असे आहेत की, तेथे पर्यायाचे रूप मुळातच अपुरे पडते. जुलै २०२१ मध्ये महाड शहरात सावित्रीच्या पुराचे पाणी शिरले आणि २२ जुलै रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. त्यापूर्वी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते ही गावे अशाच आपत्तीतून गेली होती. येथल्या वर्गात पुराचे आणि दरडीचे विज्ञान हा पाठ्यक्रमातील एक घटक म्हणून शिकविता येत नाही. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी तो घडलेला असतो.

अशा वर्गात ‘महाडच्या पुराचे सर्वांत महत्त्वाचे कारण कोणते?’ असे विचारून घाटमाथ्यावरील अतिवृष्टी, खाडीतील भरती, नदीपात्रातील गाळ आणि काळ व गांधारी नद्यांचा संगम असे चार पर्याय दिले, तर काय होईल? चारही कारणे खरी आहेत आणि ती एकमेकांच्या संगतीत कार्य करतात. त्यांपैकी एकावर खूण करावयास लावणे म्हणजे विद्यार्थ्याला खोटे सोपेपण शिकविणे होय. ‘वरील सर्व’ हा पाचवा पर्याय दिला, तर विचार करण्याचे कारणच उरत नाही. येथे प्रश्न असा हवा: ‘भरतीची वेळ सहा तास पुढे गेली असती, तर शहरातील पाणी ओसरण्यात कोणता फरक पडला असता? हे ठरविण्यासाठी आणखी कोणती माहिती लागेल?’ याच्या उत्तरात विद्यार्थी कारणांचा परस्परसंबंध जोडील. आणि आपल्याजवळ कोणती माहिती नाही हे ओळखणे, ही जी विज्ञानाची खरी सवय, तीही प्रकट होईल. हा प्रश्न मार्गदर्शक पुस्तकात छापला गेला, तर त्याचीही दशा ‘शास्त्रीय कारणां’सारखी होईल, हे उघड आहे. म्हणून प्रश्नाचे मुक्त रूप पुरेसे नाही, त्याला ताजेपणाही हवा.

दुसरे उदाहरण पाण्याच्या शुद्धतेचे. ‘पाणी निर्जंतुक करण्यासाठी खालीलपैकी काय वापरतात?’ या प्रश्नावर ‘क्लोरीन’ अशी खूण करणे सोपे आहे. परंतु महाड हे चवदार तळ्याचे गाव आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. जातीच्या कल्पनेतील शुद्धता आणि रसायन व जीवाणू यांच्या कसोटीवरील शुद्धता या दोन गोष्टी एकाच शब्दाखाली कशा नांदतात, याचे याहून ठळक उदाहरण विज्ञानाच्या शिक्षकाला कोठे मिळणार? ‘एखादे पाणी पिण्यास योग्य आहे, हे तुम्ही कसे ठरवाल? कोणती कसोटी विश्वासार्ह नाही, आणि का?’ हा प्रश्न महाडच्या वर्गात केवळ माहिती विचारीत नाही. पुरावा आणि समजूत यांतील भेद विद्यार्थ्याने आत्मसात केला आहे काय, हे विचारतो. क्लोरीनवर खूण करणारा आणि तरीही जुनी समजूत मनात जपणारा विद्यार्थी बहुपर्यायी प्रश्नातून सुखरूप पार पडतो. रासायनिक कारखान्यांसाठी ज्ञात असलेल्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्या मुलांना या प्रश्नाची दुसरी बाजूही लवकरच भेटते: स्वच्छ दिसणारे पाणी सुरक्षित असतेच असे नाही.

७

मग मार्ग कोणता? दोन्ही रूपांना समान गुण वाटून देणे हा तडजोडीचा उपाय आहे, शास्त्रीय नव्हे. कोणते कार्य कोणत्या रूपाने मोजावयाचे, हे आधी ठरले पाहिजे. आपल्याच देशात याचे दाखले आहेत. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात (१९७२ ते २००२) आठवीच्या परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगांवरही प्रश्न असत. पुस्तक समोर असले की पाठांतराचे मोल आपोआप नाहीसे होते आणि प्रश्नकर्त्यावर नवा प्रश्न रचण्याची जबाबदारी येते. मुंबईच्या विज्ञान अध्यापक संघाने १९८१ पासून चालविलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत पहिली फेरी बहुपर्यायी लेखी परीक्षेची आणि पुढची प्रात्यक्षिकाची, अशी योजना आहे. व्याप्ती पाहावयाची तेथे खूण, कृती पाहावयाची तेथे हात, असा हा विवेक आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवरील गणित-विज्ञान सर्वेक्षणांतही दोन्ही प्रकारचे प्रश्न योजले जातात, आणि लिहून दिलेल्या उत्तरांच्या तपासणीसाठी अपेक्षित विचारांची तपशीलवार सूची आधी सिद्ध केली जाते.

या शेवटच्या मुद्द्यावर आमचा विशेष भर आहे. मुक्तोत्तरी प्रश्नाचे दौर्बल्य प्रश्नात नसून त्याच्या तपासणीत आहे. नमुना उत्तरात ‘हे शब्द आलेच पाहिजेत’ असे लिहिण्याऐवजी ‘ही कल्पना कोणत्याही शब्दांत आली असता गुण द्यावा’ असे लिहिले, आणि बोलीभाषेतील दोन-तीन स्वीकार्य उत्तरांचे नमुने परीक्षकांपुढे ठेवले, तर ‘कपड्यातलं पाणी जाणार कुठं’ असे लिहिणाऱ्या मुलाला न्याय मिळेल. याला खर्च नाही. परीक्षकांच्या सभेत एक तास अधिक लागेल. आणि दोन परीक्षकांनी थोड्या उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासून गुण ताडून पाहिले, तर स्टार्च-इलियट यांनी दाखविलेला दोषही पुष्कळ अंशी आवरता येईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे एक कार्य सुचवावेसे वाटते. प्रबंधासाठी आयती चाचणी घेऊन तिचे गुणांक काढण्याची प्रथा आपल्याकडे दृढ झाली आहे. त्याऐवजी महाड-पोलादपूरच्या दहा-बारा शाळांत जाऊन एकच मुक्तोत्तरी प्रश्न विचारावा, आलेली चुकीची उत्तरे जशीच्या तशी, मुलांच्या भाषेत, उतरून घ्यावीत, आणि त्यांतून बहुपर्यायी प्रश्नाचे चुकीचे पर्याय रचावेत. मुक्तोत्तरी प्रश्न हा अशा रीतीने चांगल्या बहुपर्यायी प्रश्नाचा जनक ठरतो. ज्यांना आपण एकमेकांचे प्रतिस्पर्धी समजतो, ते एकाच संशोधनाचे दोन टप्पे आहेत, हे त्या कामातून आपोआप ध्यानात येईल.

परीक्षेचे रूप निवडणे हे तंत्र वाटते. वस्तुतः कोणाचे ज्ञान ज्ञान म्हणून मोजावयाचे, याचा तो निर्णय असतो. चुलीवरच्या माळ्यावर कपडे वाळतात हे जाणणारी आणि भरतीच्या वेळी पाणी ओसरत नाही हे डोळ्यांनी पाहिलेली मुले या दोन तालुक्यांत आहेत. त्यांचे हे जाणणे आज खुणेतही उमटत नाही आणि परिच्छेदातही नाही. ते जिच्यात उमटेल अशी प्रश्नपत्रिका रचणे, हे आपल्या विद्याशाखेचे काम आहे.